शिवी आणि शिस्त

आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपल्यापैकी काही जण हसले, आणि ते हसणे मला अगदीच अनपेक्षित होते असे नाही. सैन्यातील माणसाने कसे बोलावे याचे नियम! जेथे माणसाला माणूस मारावयाचे शिक्षण पद्धतशीर दिले जाते, तेथे 'अमुक शब्द उच्चारू नये, तमुक शब्दाने मन दुखावते' असे सांगत बसणे म्हणजे खाटिकखान्यात सोवळे पाळण्यासारखे आहे, असे कोणासही वाटेल. आमच्या आळीत एक निवृत्त हवालदार राहतात. या व्याख्यानाची तयारी करीत असता मी त्यांच्याकडे गेलो व विषय सांगितला. ते म्हणाले, "मास्तर, शिवीवाचून कवायत म्हणजे मिठावाचून आमटी. पहिल्या महिन्यात उस्तादाने आम्हांला जी नावे ठेवली ती आमच्या आजीच्या कानावर पडती, तर ती उठून आंघोळीस गेली असती. पण पलटणीत जावयास निघालो तेव्हा त्याच उस्तादाच्या पायांवर आम्ही डोके ठेवले."

हवालदारसाहेबांचे हे म्हणणे मी बाजूस सारणार नाही. अनुभवी माणसाचे ते बोलणे आहे, आणि त्यात तथ्य आहे. परंतु शिवी ही काही एकच वस्तू नव्हे. आपली आजी नातवाला 'मेल्या' म्हणते तेव्हा त्याने मरावे अशी तिची इच्छा नसते. दोन मित्र एकमेकांना 'लेका' म्हणतात तेव्हा बाप होण्याची हौस कोणालाच नसते. मास्तर मुलाला 'गाढवा' म्हणतात तेव्हा चुकलेल्या गणितावर तो राग असतो. गणित बरोबर आले की गाढव पुन्हा माणूस होते. येथवर शिवी कामाला असते, किंवा ती नुसतीच हवेत सोडलेली असते. परंतु जिच्यावर कामाने, कष्टाने, वागणुकीने काहीही उपाय करता येत नाही अशीही एक शिवी आहे. ती माणसाच्या जन्माला दिलेली असते. त्याच्या आईला, त्याच्या जातीला, त्याच्या कातडीच्या रंगाला, त्याच्या गावाला ती लागते. गणित बरोबर आले तरी ती पुसली जात नाही. हवालदारसाहेबांचा उस्ताद कोणत्या प्रकारची देत असे, हे मी त्यांना त्या दिवशी विचारले नाही. पुढे विचारले, ते शेवटी सांगेन.

अमेरिकेत गेली तीसचाळीस वर्षे या वादाला 'पोलिटिकल करेक्टनेस' असे नाव आहे. मराठीत त्याला रुळलेला प्रतिशब्द नाही. आजपुरते आपण त्याला 'शिष्टसंमत बोली' म्हणू. तिचे विरोधक म्हणतात, हे नवे खूळ आहे, पूर्वीच्या सैन्यात असले लाड नव्हते. हे मात्र इतिहासाला धरून नाही. सैन्यात बोलण्याचे नियम फार जुने आहेत. जुने नाही ते एवढेच, की त्या नियमांनी कोणाच्या अब्रूचे रक्षण करावयाचे.

अमेरिकेचेच पाहा. इंग्लंडशी लढण्यासाठी 1775 साली तेथील वसाहतींनी जी सेना उभारली तिच्यासाठी त्यांच्या काँग्रेसने युद्धनियम केले, आणि ते बहुतांशी ब्रिटिश सेनेच्याच नियमांवरून उचलले होते. त्यांतील तिसरा नियम शिव्याशापांसंबंधी आहे. साध्या शिपायाने ईश्वराच्या नावाने शिवी अगर शाप उच्चारला तर पहिल्या वेळी डॉलरचा सहावा हिस्सा त्याच्या पगारातून कापावा, दुसऱ्या वेळी तितकाच दंड व वर चोवीस तासांची कैद. अधिकाऱ्याने उच्चारला तर प्रत्येक वेळी चार शिलिंग. पुढच्याच वर्षी, 3 ऑगस्ट 1776 रोजी, न्यूयॉर्कच्या छावणीतून सेनापती वॉशिंग्टन यांनी या वाढत्या सवयीविरुद्ध स्वतंत्र हुकूम काढला. त्यातील युक्तिवाद असा की, आपणच ईश्वराचा असा अपमान करीत राहिलो तर त्याने आपल्या शस्त्रांना यश का द्यावे? शिवी खाणाऱ्या शिपायाचा विचार त्यात कोठेच नाही. अब्रू राखावयाची होती ती परमेश्वराची.

त्याच नियमांत दुसरेही एक कलम आहे. कोणी कोणास टोचणारे किंवा चिथावणारे शब्द बोलू नयेत, हातवारे करू नयेत. आणि त्याच्या लगतच द्वंद्वयुद्धाचे आव्हान देऊ नये, ही आज्ञा. 1776 च्या सुधारलेल्या नियमांत शिक्षाही सांगितली आहे: अपराधी अधिकारी असेल तर अटक, शिपाई असेल तर कैद, आणि पलटणीच्या प्रमुखादेखत ज्याला दुखावले त्याची क्षमा मागावयाची. हा नियम मला त्या काळच्या मानाने शहाणपणाचा वाटतो. पण त्याचाही हेतू कोणाचे मन जपण्याचा नव्हता. शब्दाला शब्द लागला की तलवारी निघत आणि लढाईपूर्वीच दोन माणसे कमी होत, ही धास्ती त्यामागे होती.

आणि तिसरा प्रकार तर सर्वांच्या ओळखीचा. शिपायाने वरिष्ठास उलट बोलू नये. जगातील कोणत्याही सेनेचा कायदा उघडा, हे कलम त्यात सापडेलच. म्हणजे देवाची अब्रू राखली गेली, बरोबरीच्या माणसांची शांतता राखली गेली, वरिष्ठाचा मान राखला गेला. राहिला तो सर्वांत खालचा माणूस. वरून खाली येणाऱ्या शब्दाला कायद्यात फार काळ नावच नव्हते.

आता कोणी म्हणेल, गिरणीतला जॉबर कामगाराला शिव्या देतो, शेटजी गुमास्त्याला देतात. शिपायाचेच एवढे कौतुक का? कारण शिपायाची स्थिती त्या दोघांहून निराळी आहे. गिरणी-कामगार नोकरी सोडू शकतो. तो युनियन करू शकतो, संप करू शकतो, वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन आपली कैफियत छापवून आणू शकतो; अगदीच झाले तर जॉबरला उलट शिवी हासडू शकतो. शिपायाला यातले काहीच करता येत नाही. सोडून गेला तर तो पळपुटा ठरतो. उलट बोलला तर तो गुन्हा. चारचौघांनी मिळून काम थांबविले तर त्याचे नाव बंड. आपल्याकडेही 1950 च्या आर्मी अॅक्टाच्या 21 व्या कलमाने सैनिकांच्या संघटनेवर, सभांवर व वृत्तपत्रांशी बोलण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे, आणि सेनेची रचना पाहता तो असणे मी चूक समजत नाही. परंतु एवढे सगळे दरवाजे बंद केल्यावर आत पडलेला शब्द कोठे जाणार? तो तेथेच राहतो. दिवसभर राहतो, रात्रीही बराकीत त्याच्या उशाशी असतो. आणि त्या खोलीत बंदुकाही असतात.

आपल्या देशाने याचा अनुभव घेतलेला आहे. 1857 च्या फेब्रुवारीत बंगालमधील बहरामपूर येथे 19 व्या देशी पायदळ पलटणीतील शिपायांनी नव्या काडतुसांविषयी शंका काढली. ती शंका धर्माची होती, जिवावरची होती. पलटणीचे प्रमुख मिचेल यांनी समजूत घालावयाची. ते राहिले बाजूला. शिपायांनी पुढे जो अर्ज केला त्यात म्हटले आहे की, साहेबांनी रागावून दम भरला, काडतुसे घ्या, नाही तर तुम्हांला ब्रह्मदेशात किंवा चीनमध्ये नेऊ आणि तेथे तुम्ही सगळे मराल. त्या रात्री शिपायांनी शस्त्रे उचलली. पलटण 31 मार्चला बराकपूर येथे मोडून टाकण्यात आली. 1857 ला एकच कारण होते असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण त्या काळच्या कागदपत्रांत साहेबलोकांच्या बोलण्याचा विषय पुनःपुन्हा येतो, आणि तो लिहिणारे पुष्कळदा साहेबच असतात.

पुढे सरकार शहाणे झाले, निदान कागदावर. 'बाँबे नेटिव्ह इन्फन्ट्री', 'बेंगाल नेटिव्ह इन्फन्ट्री' अशी जी पलटणींची नावे होती त्यांतील 'नेटिव्ह' हा शब्द 1885 साली गाळण्यात आला. शब्दात तुच्छता होती. तो काढला हे बरेच झाले. परंतु मौज अशी की, त्याच वर्षाच्या अखेरीस लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सेनापती झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत 'लढवय्या जाती' हे तत्त्व भरतीच्या धोरणात पक्के बसले. या तत्त्वाची भाषा अत्यंत सभ्य होती. त्यात एकही शिवी नव्हती. एवढेच म्हटले होते की, काही जाती जन्मतः लढाऊ आहेत व काही नाहीत. या सभ्य वाक्याच्या जोरावर 1890 नंतरच्या एकदोन वर्षांत महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली आहेत, ज्यांच्यात सुभेदारीपर्यंत चढलेली माणसे होती, त्यांना कळविण्यात आले की तुम्ही शिपाई होण्याच्या लायकीचे नाही. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी 1894 साली याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली महारांची पलटण उभी राहिली व युद्ध संपताच 1921 साली मोडली गेली. आजची महार रेजिमेंट 1941 ची.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले. शिष्टसंमत बोलीचे भक्त असे समजतात की वाईट शब्द काढला म्हणजे वाईट गोष्ट गेली. 'नेटिव्ह' गेला, अपमान मात्र नुसता कपडे बदलून आला. अलीकडचेही एक उदाहरण देतो. साहेबाचे बूट पुसणारा, सामान उचलणारा जो शिपाई इंग्रजी अमदानीत 'ऑर्डर्ली' म्हणून ओळखला जाई, त्याला स्वतंत्र हिंदुस्थानात 'सहायक' हे प्रतिष्ठित संस्कृत नाव मिळाले. पण लढण्यासाठी भरती झालेल्या माणसाकडून घरकाम करवून घेतले जाते ही तक्रार राहिलीच, आणि 2008 साली संसदेच्या संरक्षणविषयक समितीने ही पद्धतच बंद करावी अशी शिफारस केली. नावाने बूट चमकत नाहीत, आणि कमीही होत नाहीत.

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. ती घटना आपल्या मुंबईतली आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी ती पाहिलेली असेल. 1946 च्या फेब्रुवारीतील नाविकांचा उठाव आपण स्वातंत्र्यलढ्यातील एक पर्व म्हणून ओळखतो, आणि ते खरेच आहे. पण त्याची ठिणगी कोठे पडली हे फारसे सांगितले जात नाही.

कुलाब्याला 'तलवार' नावाचे नौदलाचे केंद्र होते. नाव जहाजाचे, पण ते जमिनीवर. तेथे संदेश पाठविण्याचे व घेण्याचे शिक्षण दिले जाई. साहजिकच तेथली पोरे शिकलेली होती, इंग्रजी समजणारी होती. युद्ध संपलेले, घरी जाण्याची वाट पाहणे चाललेले, जेवण निकृष्ट, त्याच कामाबद्दल गोऱ्या नाविकाचा पगार कितीतरी अधिक. दिल्लीत आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्याने देश पेटलेला. 1 डिसेंबर 1945 रोजी नौदल-दिनाला तलवारच्या भिंतींवर घोषणा रंगविलेल्या आढळल्या. 2 फेब्रुवारीला सरसेनापती ऑचिनलेक येणार त्या वेळी पुन्हा 'जय हिंद' व 'चले जाव' उमटले, आणि बी. सी. दत्त या तारायंत्रावर काम करणाऱ्या नाविकास पकडण्यात आले. वातावरण असे होते.

केंद्राचे प्रमुख होते कमांडर किंग. 8 फेब्रुवारीस नौदलाच्या स्त्री-विभागातील काही मुली जात असता बराकीतून कोणी तरी आचरट आवाज काढले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ते आवाज काढणे हेही गैर होते, आणि प्रमुखाने त्याबद्दल जाब विचारणे हे त्याचे कर्तव्यच होते. त्याने अपराधी हुडकून त्याला शिक्षा केली असती तर आज आपल्याला किंगचे नावही माहीत नसते. पण तो बराकीत शिरला व तेथे जे होते त्या सर्वांना उद्देशून बोलला. कुत्रीच्या पोरांनो, हमालांच्या पोरांनो, रानट्यांच्या पोरांनो: नाविकांच्या तक्रारींत आलेल्या इंग्रजी शब्दांचा मराठी अर्थ हा असा होतो. जरा लक्ष देऊन ऐका. या तिन्ही शब्दांत त्या मुलांविषयी एक अक्षरही नाही. त्यांनी काय केले याविषयी तर नाहीच नाही. तिन्ही शब्द त्यांच्या आईबापांविषयी आहेत. कोकणात, पंजाबात, बंगालात शेतात राबणाऱ्या, युद्धात मुलगा पाठवून त्याच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आईबापांविषयी.

तरी त्या दिवशी काही घडले नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती पोरे चवताळून अंगावर गेली नाहीत. त्यांनी काय केले? अर्ज केले! नौदलात अनेकांनी मिळून तक्रार करणे हाच बंडाचा प्रकार समजला जाई. तेव्हा चौदा जणांनी वेगवेगळे, प्रत्येकाने आपापल्या सहीचे, अर्ज दिले. नियमाबाहेर एक पाऊल टाकले नाही. ते अर्ज गेले दुय्यम अधिकाऱ्याकडे. त्याने ते वर पाठविले, ताबडतोब काही करावे अशा शिफारशीसह. वर म्हणजे कोणाकडे? केंद्राच्या प्रमुखाकडे, म्हणजे किंगकडे. ज्याच्याविरुद्ध फिर्याद त्याच्याच पुढे सुनावणी! आठवडाभराने, 16–17 फेब्रुवारीस, त्याने अर्जदारांना ऐकून घेतले ते खोटी तक्रार करणाराचे काय होते याची समज देण्यासाठी.

8 तारखेला शिवी, 18 तारखेला संप. मधल्या दहा दिवसांकडे पाहिल्याशिवाय या गोष्टीचा अर्थ लागत नाही. शिवीने उठाव झाला असे म्हणणे अर्धवट आहे. त्या दहा दिवसांत प्रत्येक नाविकाला कळून चुकले की, आपण नियमाने वागलो तरी ऐकणारे कोणी नाही. 18 फेब्रुवारीच्या सकाळी तलवारच्या नाविकांनी न्याहारी नाकारली. 'अन्न नाही तर काम नाही' ही घोषणा होती, आणि वरवर पाहणाराला तो डाळ-भाताचा तंटा वाटावा.

मग किंगला हलविण्यात आले. जे आठ दिवसांपूर्वी एका वाक्याच्या दिलगिरीने भागले असते, ते आता प्रमुख बदलूनही भागेना. 19 तारखेस मध्यवर्ती संप समिती झाली. तिच्या मागण्यांत राजकीय कैद्यांची सुटका होती, आझाद हिंद फौजेच्या सैनिकांची मुक्तता होती, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणण्याची मागणी होती; आणि या मोठमोठ्या मागण्यांच्या रांगेत, किंगवर त्याच्या वागणुकीबद्दल व अपमानकारक भाषेबद्दल कारवाई व्हावी, ही मागणीही होती. चारपाच दिवसांत 78 जहाजे, किनाऱ्यावरील 20 ठाणी आणि सुमारे 20,000 नाविक या उठावात आले. 21 तारखेस अॅडमिरल गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून धमकी दिली की, सारे नौदल नष्ट झाले तरी बेहत्तर. म्हणजे बोलण्यावरून पेटलेल्या आगीत आणखी एक भाषण पडले. मुंबईत हरताळ, गोळीबार. दोनशेहून अधिक नागरिक मेले, हजाराहून अधिक जखमी झाले. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून 23 तारखेस नाविकांनी शरणागती पत्करली. सूड घेतला जाणार नाही हे आश्वासन पाळले गेले नाही, आणि स्वातंत्र्यानंतरही त्या पोरांना नौदलात परत घेतले नाही, हा त्या कथेचा कडू शेवट. दत्त यांनी पुढे आपली हकीकत इंग्रजीत लिहिली. ती 1971 साली प्रसिद्ध झाली.

उठावानंतर सर फजल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी कमिशन बसले. त्याने राजकीय वातावरणाबरोबरच अन्न, वेतन व वंशभेदाची वागणूक यांची दखल घेतली. आपण असे समजू की राजकारण नसते, तर एवढा भडका उडाला नसता. मी ते मान्य करतो. पण दारू कोठारात होती म्हणून काडी टाकणाराचा दोष कमी होत नाही.

या पार्श्वभूमीवर 1950 चा आर्मी अॅक्ट वाचला म्हणजे तो कोरडा कायदा राहत नाही. त्याचे 40 वे कलम वरिष्ठाशी उद्धट भाषा वापरणाऱ्यासाठी आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. 47 वे कलम उलट बाजूचे: हाताखालच्या माणसावर बळजबरी करणारा किंवा त्याला 'अन्य प्रकारे' वाईट वागविणारा अधिकारी अगर नाईक-हवालदार सात वर्षांपर्यंत कैदेस पात्र. कागदावर खालच्याचा अपमान वरच्याच्या अपमानाहून जड ठरला! पण बारकाई पाहा. 40 व्या कलमात 'भाषा' हा शब्द स्पष्ट आहे. 47 व्यात तो नाही. तेथे शिवी 'अन्य प्रकारे' या दोन शब्दांच्या आडोशाला बसलेली आहे. 64 व्या कलमात दुसऱ्याच्या धर्मभावना हेतुपुरस्सर दुखावणे हा गुन्हा आहे. 1857 चा धडा विसरला गेला नव्हता.

सर्वांत महत्त्वाचे कलम मात्र 26 वे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने आपल्या अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. आणि ज्याच्याकडे तक्रार करावयाची तोच आरोपी असेल, तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे करावी. तलवारवरील चौदा अर्ज ज्या ठिकाणी अडकले ती वाट या एका वाक्याने मोकळी केली आहे. दुसरीकडे 56 वे कलम असेही म्हणते की, तक्रारीत जाणूनबुजून खोटे लिहून कोणाच्या चारित्र्यास डाग लावला तर तोही गुन्हा. तेही आवश्यक आहे. खोट्या अर्जांचा सुळसुळाट झाला तर कोणी हुकूमच सोडणार नाही. 2007 च्या कायद्याने सशस्त्र सेनांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण निर्माण झाले, हे त्यापुढचे पाऊल.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू, कारण सध्या हा वाद तेथेच अधिक तापला आहे. तेथील सैनिकी कायद्यात चिथावणीच्या शब्दांविरुद्ध, वरिष्ठाच्या अवमानाविरुद्ध व हाताखालच्यांच्या छळाविरुद्ध अशी निरनिराळी कलमे आहेत. अध्यक्षांविषयी तुच्छतेचे शब्द काढणाऱ्या अधिकाऱ्यासाठीही एक आहे. रंगभेद संपविण्याचा ट्रूमन यांचा हुकूम 1948 चा. कवायतीच्या शिक्षकाने अपशब्द वापरू नयेत असे प्रशिक्षणाचे नियम सांगत आले आहेत. पण नियमांचा सोस वाढला की काय होते, याचा मासलाही तेथलाच. 2014 साली पायदळाच्या एका नियमपुस्तकात कोणत्या वंशाच्या माणसाला काय म्हणता येईल याची जंत्री होती. तिच्यात कृष्णवर्णीयांसाठी 'नीग्रो' हा, लोकांनी केव्हाच टाकून दिलेला, शब्द चालेल असे म्हटले होते! वृत्तसंस्थांनी ते उघडकीस आणताच पायदळाला तो काढावा लागला. चांगल्या शब्दांची यादी करून ठेवणाराची ही गत होते. शब्द नासतात, यादी तशीच राहते.

तेव्हा विरोधकांचा सगळाच आक्षेप खोटा नाही. त्या आक्षेपाला आता राज्यसत्ता मिळाली आहे. 2025 च्या जानेवारीत अध्यक्षांच्या हुकुमाने सैन्यातील विविधतेचे कार्यक्रम बंद झाले. 30 सप्टेंबर 2025 रोजी त्या खात्याचे प्रमुख पीट हेगसेथ यांनी (त्याच महिन्यात संरक्षण खात्याला युद्ध खाते असेही नाव देण्यात आले होते) सेनापतींना एकत्र बोलावून सांगितले की, छळ, दांडगाई यांच्या व्याख्यांचा फेरविचार होईल, वरिष्ठांनी सारखे जपून पाऊल टाकण्याचे दिवस संपले. नावांची तर गंमतच झाली. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या ब्रॅग या सेनापतीचे नाव असलेल्या तळाचे 2023 साली 'लिबर्टी' झाले. 2025 साली पुन्हा 'ब्रॅग' झाले, परंतु या वेळी दुसऱ्या महायुद्धातील त्याच आडनावाच्या एका साध्या शिपायाच्या सन्मानार्थ, असा खुलासा करून.

अशा फेरविचारात कोणत्या गोष्टी धुऊन जातील ही मला काळजी वाटते, कारण एक प्रकरण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. 2016 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या मरीन दलाच्या पॅरिस आयलंड येथील तळावर वीस वर्षांचा एक मुसलमान प्रशिक्षणार्थी तिसऱ्या मजल्यावरून पडून मेला. चौकशीत निघाले की, तेथील एक शिक्षक मुसलमान मुलांना 'दहशतवादी' म्हणत असे. मुलांना मारणे, यंत्रात कोंबणे हे प्रकार त्याच्या मागाहून आले. 2017 च्या नोव्हेंबरात सैनिकी न्यायालयाने त्याला दहा वर्षांची कैद दिली. त्या मुलांना लढवय्ये करण्यासाठी कोणत्या कवायतीत हा शब्द लागतो? तो मुलगा स्वखुशीने त्या देशासाठी लढावयास आला होता.

आपल्याकडे स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न सभ्य भाषेच्या रूपाने उभा राहिला. खेड्यातून आलेले जवान स्त्रीचा हुकूम मानणार नाहीत, असा युक्तिवाद सरकारतर्फे सर्वोच्च न्यायालयात झाला. 17 फेब्रुवारी 2020 च्या निर्णयात न्यायालयाने तो साचेबंद समजुतींवर आधारलेला म्हणून झिडकारला व स्त्री-अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा मार्ग खुला केला. त्या युक्तिवादात जवानांचाही अपमान होता, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हुकूम मानणे हाच ज्याचा धर्म, त्याच्याविषयी सरकारच म्हणत होते की तो हुकूम मानणार नाही!

हे सर्व टिपण झाल्यावर मी पुन्हा हवालदारसाहेबांकडे गेलो. राहिलेला प्रश्न विचारला: तुमचा उस्ताद कसली शिवी देत असे? ते हसले. "गाढव, म्हसोबा, पोत्याचा पाय. आईवरून कधी नाही, जातीवरून कधी नाही. त्याची रीतच तशी होती." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "पण पुढे एक साहेब होते. ते माझ्या गावाचे नाव घेऊन बोलत. तुमच्या गावचे असलेच, म्हणत. पंधरा माणसांपुढे." हे होऊन चाळीस वर्षे झाली असतील, पण बोलताना त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

मी म्हणालो, "हवालदारसाहेब, 26 वे कलम तुम्हांला ठाऊक नव्हते का? वरच्या अधिकाऱ्याकडे जाता आले असते."

"कलम पाठ होते हो, मास्तर," ते म्हणाले. "पण अर्ज इंग्रजीत लिहून देणारा बाबू त्याच साहेबांच्या कचेरीत बसे."